ऐन हंगामात परक्याच्या हाती गेलेला सर्व्हर: एका शेतकरी उत्पादक कंपनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातली ही एक शेतकरी उत्पादक कंपनी. नाव-गाव मुद्दाम देत नाही. सभासदांचा कापूस, सोयाबीन आणि तूर ती विकत घेते. तालुक्याच्या गावी गोदाम, गोदामाच्या आवारात गाड्यांचा वजनकाटा, काट्याला लागून ऑफिस आणि आसपासच्या दोन गावांत खरेदी केंद्रं, असा तिचा पसारा.

माल आला की गेटवर नोंद होते. भरलेली गाडी काट्यावर चढते, माल उतरतो, रिकामी गाडी पुन्हा चढते आणि दोन वजनांतला फरक मालाचं वजन म्हणून नोंदला जातो. मग ओलावा, प्रत, भाव आणि शेवटी काटापट्टी. काटापट्ट्यांवरून चुकाऱ्याची यादी तयार होते, ती बँकेत जाते आणि पैसे शेतकऱ्याच्या खात्यात पडतात. हे सगळं एका जावा वेब अ‍ॅप्लिकेशनवर चालतं. कापसात ओलाव्याचा आकडा काय करतो हे इथल्या कुणाला सांगावं लागत नाही. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात करून माल घेतात, त्याच्याही वर गेला तर परत. डेटाबेसमधल्या एका रकान्यावर एका घराचा हंगाम ठरतो. सर्व्हरच्या सुरक्षेकडे मी त्या नजरेने बघतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतोय.

अ‍ॅप्लिकेशन नागपूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने २०१८ मध्ये बसवलं. ऑफिसातल्याच एका मशीनवर उबुंटू १६.०४ ही ऑपरेटिंग सिस्टिम, त्यावर जावा ८, मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस आणि जावाची वेब अ‍ॅप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर प्रोग्राम अपाचे टॉमकॅट ८.५.३२. त्या वेळी यातलं काहीच जुनं नव्हतं. पण बसवल्यानंतर त्याला कुणी हात लावला नाही. उबुंटू १६.०४ चा नेहमीचा आधार एप्रिल २०२१ मध्ये संपला, मायएसक्यूएल ५.७ चा ऑक्टोबर २०२३ मध्ये. मशीन मात्र रोज सकाळी सुरू होत होतं, पावत्या निघत होत्या, त्यामुळे कुणाच्या मनात शंका येण्याचं कारणच नव्हतं.

दोन खरेदी केंद्रांना सर्व्हरपर्यंत पोचता यावं आणि नागपूरहून दुरुस्त्या चढवता याव्यात म्हणून कंपनीने इंटरनेटचा कायमचा पत्ता घेतला होता. राउटरमध्ये एकेक पोर्ट उघडण्याऐवजी सगळं मशीनच डीएमझेडमध्ये टाकलेलं होतं. म्हणजे बाहेरून त्या पत्त्यावर जे काही येईल ते राउटर थेट सर्व्हरकडे सोडत होता. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ राउटरमधल्या डीएमझेडच्या या एका खुणेच्या चौकटीत (चेकबॉक्समध्ये) आहे.

अडचण

नोव्हेंबर २०२३. दिवाळी झाली, वेचणीचा कापूस घराबाहेर पडू लागला आणि आवक वाढली. पावती निघायला वेळ लागू लागला. आधी थोडा, मग इतका की काट्यासमोर गाड्यांची रांग रस्त्यावर यायची. ऑपरेटरने फोनवर सांगितलं, "सर, काटा बरोबर वजन दाखवते, पण पावतीच निघून नाही राहिली. मशीन बंद करून चालू केलं का घंटाभर चालते, मग पुन्हा तसंच."

गर्दीमुळे असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण त्याच्या बोलण्यात आणखी एक वाक्य होतं. रात्री ऑफिस बंद करतानाही मशीनचा पंखा जोरात फिरत असतो, आणि सकाळी आल्यावरही. रात्री काट्यावर एकही गाडी नसते. मग प्रोसेसर कशासाठी राबतोय?

काय सापडलं

मशीनवर बसल्यावर पहिल्या काही मिनिटांतच चित्र उघडं पडलं. एक प्रोसेस सगळे कोअर खात होती. नाव कर्नलच्या नेहमीच्या कामगार प्रोसेससारखं ठेवलेलं, पण फाइल होती तात्पुरत्या फोल्डरमध्ये. ती आभासी चलनाचं मायनिंग करत होती. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीत, एक ओळ पेरलेली होती. ती दर तासाला बाहेरून तोच प्रोग्राम पुन्हा उतरवून चालू करायची. ऑपरेटरने मशीन बंद-चालू केल्यावर तासभर बरं का वाटत होतं आणि पुन्हा तसंच का होत होतं, ते इथे कळलं.

टॉमकॅटच्या वेबअ‍ॅप्स फोल्डरमध्ये आपल्या अ‍ॅप्लिकेशनशेजारी एक अनोळखी फोल्डर होतं, नाव म्हणजे अक्षरांची निरर्थक रांग. आत एकच जेएसपी (सर्व्हरवर चालणाऱ्या वेब पानाची) फाइल, ब्राउझरमधून पाठवलेला कोणताही हुकूम मशीनवर चालवणारी. ती आली कुठून हे अ‍ॅक्सेस लॉगने सांगितलं. मध्यरात्रीनंतर मॅनेजर अ‍ॅपच्या पत्त्यावर ४०१ उत्तरांची रांग, म्हणजे चुकलेले पासवर्ड. मग एक २००, म्हणजे प्रवेश मिळाला. आणि लगेच त्याच पत्त्यावरून अपलोडची विनंती. टॉमकॅटची कुठलीही त्रुटी वापरावी लागली नव्हती. मॅनेजर अ‍ॅपचं कामच वॉर फाइल, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनचं गाठोडं, चढवणं आहे. ज्याला पासवर्ड कळला त्याला ते काम करू दिलं गेलं.

८.५ मध्ये मॅनेजर अ‍ॅप मुळात त्याच मशीनवरून येणाऱ्यांनाच दिसतं. त्याच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये रिमोट अ‍ॅड्रेस व्हॉल्व्ह, म्हणजे येणाऱ्याचा पत्ता बघून अडवणारा नियम, लावलेला असतो. इथे नागपूरहून चढवता यावं म्हणून ती ओळ कॉमेंट करून निकामी केलेली होती. युझरनेम आणि पासवर्ड दोन्ही 'टॉमकॅट'. टॉमकॅटमध्ये पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर ते युझरनेम पाच मिनिटं बंद करणारा लॉकआउट रेल्म असतो, आणि तो इथे चालूही होता. पण त्या युझरनेमसाठी यादीतला पहिला-दुसरा पासवर्डच बरोबर ठरणार असेल तर लॉकआउटला अडवायला उरतं काय? शिवाय टॉमकॅट आरसी डॉट लोकल मधून सुरू होत होता, म्हणजे रूट म्हणून. वेब पानातून आलेला हुकूम थेट मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालत होता.

दुसरी एक वाटही उघडी होती. ८००९ पोर्टवरचा एजेपी कनेक्टर, म्हणजे टॉमकॅटला पुढच्या वेब सर्व्हरशी जोडणारी वाट. फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाने गाजलेली त्रुटी याच कनेक्टरची, ८.५ मालिकेत ती ८.५.५१ ला दुरुस्त झाली. ८.५.३२ वर बाहेरचा कुणीही अ‍ॅप्लिकेशनच्या आतल्या फाइली वाचू शकत होता, आणि डेटाबेसचा पासवर्ड तिथल्याच मेटा-इन्फ फोल्डरमधल्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये होता. ही वाट कुणी वापरल्याची खूण लॉगमध्ये मिळाली नाही. तरी पासवर्ड फुटला आहे असंच धरून पुढची पावलं टाकली. रूट मिळालेल्या माणसाने लॉगमधल्या ओळी पुसल्या नसतील, अशी खात्री कोण देणार?

कोणते पर्याय होते

संचालकांची बैठक त्याच संध्याकाळी ऑफिसात झाली. अध्यक्षभाऊंचं पहिलं वाक्य रास्तच होतं: "काटा बंद ठेवला तर लोक थांबणार नाहीत. गाडी भाड्याची असते, खासगीत देऊन मोकळे होतील."

पहिला पर्याय ऑपरेटरचा आणि नागपूरच्या मंडळींचा होता. प्रोसेस मारा, क्रॉनची ओळ काढा, पासवर्ड बदला, सकाळी काटा सुरू. अर्ध्या तासाचं काम. यात अडचण अशी की आपल्याला जे दिसलं तेवढंच आपण काढणार. रूटचा अधिकार मिळालेल्याने एसएसएचची (दुरून लॉगिन करायची) चावी ठेवली असेल, एखादा सिस्टिम प्रोग्राम बदलला असेल, नवा युझर केला असेल. शोधून शोधून सापडलं नाही, म्हणून नाहीच असं म्हणता येत नाही.

दुसरा पर्याय होता सगळं क्लाउडवर नेण्याचा. एका तरुण संचालकाचा यावर भर होता, आणि शहरातल्या ऑफिसासाठी मीही तेच सुचवलं असतं. पण इथे रस्त्याच्या कामात फायबर तुटली की दुरुस्तीला दिवस जातो, आणि लोडशेडिंगमध्ये मोबाइलचा टॉवरही मान टाकतो. इंटरनेट गेलं म्हणून काटा थांबणं कंपनीला परवडणारं नव्हतं. काटा, पावतीचा प्रिंटर आणि सर्व्हर एकाच आवारात, एकाच यूपीएसवर असणं ही या जागेची गरज आहे.

तिसरा पर्याय म्हणजे जुनं मशीन बाजूला काढायचं, दुसऱ्या मशीनवर कोरी सिस्टिम बसवायची, अ‍ॅप्लिकेशन मूळ जागेहून आणायचं, जुन्या मशीनवरून फक्त डेटा घ्यायचा. तोवर काटा हाताने चालवायचा. काट्याचा दर्शक संगणकाशिवायही वजन दाखवतो, आणि कार्बनवाली काटापट्टीची पुस्तकं गोदामात पडून होती.

तिसरा ठरला. अध्यक्षभाऊंनी एकच अट घातली, शेतकऱ्याच्या हातात त्याच दिवशी कागद पडला पाहिजे. ती अट पाळता येणारी होती म्हणूनच हा निर्णय टिकला. कागदी पुस्तकं नसती तर पहिल्या पर्यायाच्या बाजूने दबाव इतका आला असता की तांत्रिक मुद्दे ऐकायला कुणी थांबलं नसतं.

तार काढली, मशीन चालू ठेवलं

सगळ्यात आधी सर्व्हरची नेटवर्कची तार काढली. वीज बंद केली नाही. मेमरीत काय चाललंय, कोणती जोडणी कुठे जातेय, कोणत्या फाइली उघड्या आहेत, हे वीज गेली की हरवतं. आधीच्या दिवसांत मशीन बरेचदा बंद-चालू झाल्यामुळे त्यातलं काही गेलंच होतं. उरलं ते बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, मग पूर्ण डिस्कची प्रत घेतली.

सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. हा नियम मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपन्यांसाठी असेल, अशी बैठकीतली समजूत होती. नोंदणी झालेल्या शेतकरी उत्पादक कंपनीलाही तो लागू होतो. रात्रीच कळवलं.

चुकारा थांबवायचा की नाही

सगळ्यात जड निर्णय हा होता, आणि तो टॉमकॅटबद्दलचा नव्हता.

घुसणाऱ्याने मायनिंग केलं म्हणजे त्याला फक्त वीज आणि प्रोसेसर हवा होता, असं मानायला मन तयार होतं. पण ज्याच्याकडे रूट आहे त्याच्याकडे चुकाऱ्याचा तक्ताही आहे. एखाद्या सभासदाचा खाते क्रमांक बदलून ठेवला तर पावती बरोबर, वजन बरोबर, भाव बरोबर, आणि पैसे भलत्याच खात्यात. दुसऱ्या दिवशी मोठी यादी बँकेत जायची होती. काहींची लेकीची लग्नं ठरलेली, काहींना रब्बीचं बियाणं घ्यायचं होतं.

यादी थांबवायची ठरली, पण आंधळेपणाने नाही. ज्यांचं खातं पडताळून होईल त्यांचं त्याच दिवशी सोडायचं. प्रत्येक सभासदाच्या फाइलमध्ये पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स असते. ऑफिसातल्या दोन ताई आणि एक संचालक टेबलावर फाइली घेऊन बसले. एकाने झेरॉक्सवरचा क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने छापील यादीवर बोट ठेवून खूण करायची. डेटाबेसमधून काढलेली यादी कागदावर छापून घेतली होती, म्हणजे तपासताना स्क्रीनवर काहीच बदलणार नाही. दुसऱ्या बाजूला त्या महिन्यातल्या काटापट्ट्यांची वजनं आणि ओलावा ऑफिसच्या प्रतींवरून डेटाबेसशी ताडले.

एकही खाते क्रमांक बदललेला निघाला नाही. काही आयएफएससी कोड जुळले नाहीत, पण ते बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेले कोड होते. झेरॉक्स जुनी आणि नोंद नवी. त्या सभासदांना फोन करून खात्री केली आणि चुकारा सोडला. उशीर झाला, पण का झाला हे नोटिस बोर्डावर मराठीत स्पष्ट लिहून लावलं होतं. अध्यक्षभाऊ स्वतः गेटवर उभे राहून विचारणाऱ्याला सांगत होते. लोक चिडले नाहीत असं नाही, पण माल परत घेऊन कुणी गेलं नाही.

नवं मशीन

नव्या मशीनवर उबुंटू २२.०४ आणि मायएसक्यूएल ८. टॉमकॅट कोणता, हा निर्णय बारकाईने घ्यावा लागला. ८.५ चा आधार ३१ मार्च २०२४ ला संपणार होता, म्हणजे हंगाम संपता संपता पुन्हा तोच प्रश्न. टॉमकॅट १० वर जावं तर त्यात जावा ईईची जावाएक्स नावं जकार्ता झाली आहेत, आणि कोडमधली ती नावं बदलल्याशिवाय हे अ‍ॅप्लिकेशन तिथे उठलं नसतं. म्हणून ९.० मालिकेतली तेव्हाची ताजी आवृत्ती. जावा मात्र ८ च ठेवली, चालू दुरुस्त्यांसह. अ‍ॅप्लिकेशन जॅक्सबी ही एक्सएमएल हाताळणारी लायब्ररी वापरत होतं आणि ती जावा ११ पासून जेडीके या जावाच्या संचातून काढून टाकलेली आहे. ऐन हंगामात एका वेळी एकच मोठी उडी मारायची, असं ठरवलं.

वॉर फाइल जुन्या मशीनवरून उचलली नाही. नागपूरहून सोर्सवरून नव्याने बनवून घेतली. त्यात लॉग लिहिणाऱ्या लॉग-फोर-जे २ या लायब्ररीची २.१५ च्या आधीची आवृत्ती होती, म्हणजे डिसेंबर २०२१ च्या लॉग-फोर-शेल त्रुटीसह. ती बदलून घेतली. डेटा डंप करून आणला, बायनरी फाइली नाही.

टॉमकॅटसाठी लॉगिन नसलेला वेगळा युझर केला. कॉन्फ आणि वेबअ‍ॅप्स फोल्डर रूटच्या मालकीचे, टॉमकॅटला फक्त वाचायची परवानगी. लिहायची मुभा लॉग, टेम्प आणि वर्क या तीनच ठिकाणी. ऑटो-डिप्लॉय बंद, वॉर उलगडणं बंद. अ‍ॅप्लिकेशन आम्हीच उलगडून ठेवतो. याचा अर्थ असा की उद्या अ‍ॅप्लिकेशनमध्येच एखादं भोक निघालं तरी त्यातून वेबअ‍ॅप्समध्ये नवी जेएसपी लिहिता येणार नाही. माझ्या मते छोट्या जागेसाठी सगळ्यात जास्त फळ देणारी हीच एक गोष्ट आहे. पैसा लागत नाही, नंतर सांभाळावी लागत नाही, आणि कुणी विसरलं तरी ती आपलं काम करत राहते.

मॅनेजर, होस्ट-मॅनेजर, उदाहरणं, कागदपत्रं आणि मूळचं रूट पान, सगळी काढून टाकली. एजेपी कनेक्टर काढला. ८००५ चा शटडाउन पोर्ट उणे एक करून बंद केला. सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) प्रोसेसला थांबायचा सिग्नल पाठवते तेव्हा टॉमकॅट नीट आवरून बंद होतो, त्यामुळे त्या पोर्टची गरज नाही. चुकीच्या पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि स्टॅकट्रेस दिसू नये म्हणून एरर रिपोर्ट व्हॉल्व्हमध्ये दोन्ही बंद केले. सिस्टिमडीच्या युनिटमध्ये नवे अधिकार न मिळू देणारा पर्याय, स्वतंत्र टेम्प आणि बाकीची फाइलसिस्टिम वाचण्यापुरती.

८०८० फक्त १२७.०.०.१ वर. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, आणि टीएलएस (जोडणीचं कूटबद्धीकरण) तिथेच. टॉमकॅटला स्वतः टीएलएस करता येतं, पण ४४३ वर बसायला त्याला पुन्हा जास्तीचे अधिकार द्यावे लागले असते. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. एनजिनएक्स पुढे आला की टॉमकॅटला प्रत्येक विनंती १२७.०.०.१ वरून आल्यासारखी दिसते. रिमोट आयपी व्हॉल्व्ह लावून खरा पत्ता आणि एचटीटीपीएसची खूण आत पोचवली, नाहीतर पुढच्या वेळी लॉग वाचून काहीच कळलं नसतं.

राउटरमधला डीएमझेड बंद केला. बाहेरून फक्त वायरगार्ड, म्हणजे चावी असलेल्यांपुरती बंदिस्त वाट (व्हीपीएन). दोन्ही केंद्रांना, अध्यक्षभाऊंच्या फोनला आणि नागपूरला वेगवेगळ्या चाव्या. ओळखीच्या चावीशिवाय आलेल्या पाकिटाला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे इंटरनेटवर पोर्ट चाचपडत फिरणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. नागपूरची चावी एरवी बंद असते. फोन आला, काम काय ते सांगितलं, की ऑपरेटर ती चालू करतो आणि काम झाल्यावर बंद करतो. नागपूरच्या मंडळींना हे सुरुवातीला जाचक वाटलं. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं, कारण रात्री अकराला पावती अडली तर फोन त्यांनाच जातो. तडजोड अशी झाली की ऑपरेटरसोबत आणखी एका कर्मचाऱ्याला चावी चालू करायला शिकवलं.

बाहेर जाणारी वाटही बंद केली. सर्व्हरला फक्त सिस्टिमच्या दुरुस्त्या, घड्याळ जुळवणं आणि शेतकऱ्याला एसएमएस पाठवणारी सेवा, एवढ्याच ठिकाणी जाता येतं. मायनिंगचा प्रोग्राम बाहेरून उतरला होता आणि बाहेर बोलत होता. ही वाट आधी बंद असती तर घुसखोरी झाली असती, पण पोट भरून राहता आलं नसतं. याची किंमतही आहे. एसएमएस सेवेने आपले पत्ते बदलले की संदेश थांबतात आणि नियम सुधारावा लागतो. त्यासाठी कुठे काय बघायचं, हे एका पानावर लिहून काट्याच्या खोलीत लावलं आहे.

सेशनच्या वेळेवरून ऑपरेटरशी बराच खल झाला. आधीच्या मांडणीत सेशन कधीच न संपणारं करून ठेवलं होतं, कारण नाहीतर दुपारी गाड्या कमी असल्या की अर्ध्या तासाने लॉगआउट व्हायचं आणि पुढची गाडी काट्यावर उभी असताना पुन्हा पासवर्ड टाकावा लागायचा. त्याची तक्रार खरी होती. कापूस ओढलेल्या हातांनी, रांगेसमोर पासवर्ड टाकणं सोपं नाही. म्हणून काट्याच्या पानांना पूर्ण पाळीचं सेशन दिलं, आणि चुकारा, खाते क्रमांक व भाव बदलण्याच्या पानांवर मात्र दर वेळी पासवर्ड.

डेटाबेसला अ‍ॅप्लिकेशन रूट म्हणून जात होतं. आता फक्त वाचणं, भरणं आणि बदलणं करू शकणारा युझर. भाव आणि खाते क्रमांकातल्या प्रत्येक बदलाची नोंद वेगळ्या तक्त्यात जाते. त्या तक्त्यात हा युझर भर घालू शकतो, बदल करू शकत नाही.

मध्येच निघालेली दुसरी गोष्ट

नवं मशीन सुरू झालं, मायनिंग नाही, प्रोसेसर निवांत, आणि तरी गर्दीच्या वेळी पावती अडकली. ऑपरेटर निराश झाला. "सर, मंग एवढं सारं काहून केलं?"

टॉमकॅट सुरू होतानाच्या लॉगमध्ये उत्तर होतं. कनेक्शन पूलच्या, म्हणजे डेटाबेसकडे जाणाऱ्या तयार जोडण्यांच्या साठ्याच्या, मांडणीत मॅक्स-अ‍ॅक्टिव्ह ५० लिहिलेलं होतं. हे नाव टॉमकॅट ७ च्या काळातलं. ८ पासून पूल डीबीसीपी २ या लायब्ररीवर गेला आणि तिथे हाच पर्याय मॅक्स-टोटल नावाने आहे. जुनं नाव दिलं तर टॉमकॅट थांबत नाही. लॉगमध्ये एक इशारा लिहितो की हे नाव वापरात नाही, दिलेली किंमत सोडून दिली आहे, मूळ किंमत ८. म्हणजे २०१८ पासून हा सर्व्हर ५० नव्हे तर ८ जोडण्यांवर चालत होता. त्यातल्या एक-दोन रोजच्या अहवालाच्या पानात गळत होत्या, कारण चूक झाली की ते पान जोडणी परत करत नव्हतं. आणि मोकळ्या जोडणीसाठी किती वेळ थांबायचं याची मूळ मर्यादा अमर्याद आहे, त्यामुळे पावती चूक न दाखवता नुसती लटकायची.

नाव बदललं, थांबण्याला काही सेकंदांची मर्यादा घातली, सोडून दिलेली जोडणी परत घेणारा पर्याय चालू केला, आणि अहवालाचं पान नागपूरहून दुरुस्त करून घेतलं. मायनिंगने आधीच लंगडणाऱ्या मशीनला फक्त खाली बसवलं होतं. ती घुसखोरी नसती झाली तर हा दोष आणखी काही हंगाम 'गर्दीमुळे हळू चालते' या नावाखाली झाकून गेला असता.

परिणाम

कागदी पुस्तकांवरच्या नोंदी मागाहून भरल्या. प्रत्येक कागदी पावतीचा क्रमांक सिस्टिममध्ये वेगळ्या रकान्यात ठेवला, म्हणजे शेतकऱ्याच्या हातातला कागद आणि नोंद कधीही जुळवता येईल. मोबाइलच्या इंटरनेटवरून कंपनीचा पत्ता चाचपून पाहिला. काहीच उघडं दिसत नाही. मुद्दाम फायबर काढून काटा चालवला, मुद्दाम वीज घालवून यूपीएस आणि सुरू होण्याचा क्रम पाहिला: आधी डेटाबेस, मग टॉमकॅट. उरलेला हंगाम पावतीमुळे रांग लागली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बसवण्याच्या दिवशी डीएमझेडऐवजी वायरगार्ड किंवा निदान दोन केंद्रांपुरती वाट उघडली असती, तर बाकी सगळ्या चुका आतच राहिल्या असत्या. मॅनेजरचा पासवर्ड, रूट, जुना एजेपी, या प्रत्येक गोष्टीला बाहेरून हात पोचला तो त्या एका चौकटीमुळे. अशा ठिकाणी तपासणी करताना मी पहिल्यांदा राउटर बघतो, सर्व्हर नंतर.

बॅकअप रोज होत होता, पण कायम जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर. हा माणूस मायनिंगऐवजी फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा असता तर बॅकअपही गेला असता. आता दोन डिस्क आहेत; एक जोडलेली, एक संचालकाच्या घरी, आणि दर शनिवारी अदलाबदल. शनिवार का, तर त्या दिवशी ते बाजाराला येतातच.

संशय आल्यावर मशीन बंद-चालू करण्याऐवजी तार काढायची, हे ऑपरेटरला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. हे सांगायला प्रशिक्षणाचा दिवस लागत नाही. राउटरच्या त्या तारेला आता लाल टेप लावलेली आहे, आणि "शंका आली तर ही काढा, मग फोन करा" असं बाजूला लिहिलेलं आहे.

चुकाऱ्याच्या पडताळणीबद्दल संचालकांमध्ये अजून दोन मतं आहेत. एकाचं म्हणणं, डेटाबेसच्या आधीच्या महिन्यांच्या बॅकअपशी खाते क्रमांक ताडले असते तर काम तासाभरात झालं असतं. ते खरं आहे, पण जोडलेल्या डिस्कवरचे बॅकअप त्याच मशीनच्या हातातले होते. घुसणाऱ्याने हात घातलाच असता तर तोही तिथे पोचू शकत होता. झेरॉक्सला कुणी बाहेरून हात लावू शकत नव्हतं. संचालकाच्या घरची डिस्क आता असल्यामुळे पुढच्या वेळी दोन्ही करता येईल: आधी डिस्कशी ताडा, न जुळणारे तेवढे झेरॉक्सशी.

जावा १७ आणि जकार्ता नावांकडे जाण्याचं काम हंगामानंतर घ्यायचं ठरलं, त्यासाठी अपाचेचं नावं बदलून देणारं साधन वापरायचं. नागपूरच्या कंपनीशी नव्या करारात दोन कलमं घातली. टॉमकॅट, जावा आणि आतल्या लायब्ररींची यादी दर तीन महिन्यांनी तपासून लेखी द्यायची, आणि सोर्सची प्रत कंपनीच्या ताब्यात ठेवायची. दर तीन महिन्यांची तपासणी कोणत्या महिन्यांत, यावर चर्चा झाली. सप्टेंबर पक्का ठरला, कारण दसऱ्यानंतर कुणालाच या मशीनला हात लावायची सवड नसते.